इंग्लंडमधल्या एका लहान पॅरिशमध्ये घराण्याचा माग कसा काढावा

माझे सासर पूर्व इंग्लंडमधले, पीटरबरो शहराच्या उत्तरेकडच्या सपाट शेतीपट्ट्यातल्या एका खेड्यातले. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा "आमची माणसे मुळापासून याच गावची" असे सासूबाईंनी अभिमानाने सांगितले होते. आपल्याकडे एखादे काका वंशावळ लिहून ठेवतात, तशी ती इथेही कुणाच्या तरी कपाटात असेल असे मी गृहीत धरले. ती नव्हती. मग तिच्या शोधात नऊ वर्षे गेली आणि त्यांतली निदान तीन तरी चुकीच्या माणसाच्या मागे गेली. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या, इथल्या घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्या, किंवा नुसत्याच कुतूहलापोटी आपण राहतो त्या गावाचा इतिहास शोधू पाहणाऱ्या मराठी वाचकांची तेवढी वर्षे वाचावीत म्हणून हा लेख लिहिला आहे.

उदाहरणासाठी मी जवळचेच हेल्पस्टन हे गाव घेतले आहे. शेतमजूर असलेला कवी जॉन क्लेअर याचा जन्म १३ जुलै १७९३ रोजी तिथे झाला. त्याच्या घराण्याची माहिती प्रसिद्ध असल्यामुळे कुणाचे खाजगी न उघडता सगळे सापळे दाखवता येतात.

१. पॅरिश म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारा मुलूख, हे अर्धेच उत्तर झाले. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत गरिबांना पोसणे, रस्ते दुरुस्त करणे, कॉन्स्टेबल नेमणे आणि या सगळ्यासाठी कर बसवणे ही कामेसुद्धा पॅरिशच करीत असे, आणि चर्चच्या एका खोलीत भरणारी व्हेस्ट्री नावाची बैठक हीच गावाची ग्रामपंचायत होती. म्हणून लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुराबद्दलही कागद सापडतो: कुणीतरी त्याच्याकडून पैसे घेतलेले असतात किंवा त्याला दिलेले असतात.

निवडून आलेली पॅरिश कौन्सिल १८९४ च्या कायद्याने आली. आजच्या नकाशावरची नागरी पॅरिश आणि चर्चची जुनी पॅरिश यांच्या सीमा जुळतीलच असे नाही, त्यामुळे जुनी सीमा कोणती होती हे आधी पाहून घ्यावे.

पहिला सापळा काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, आहे. हेल्पस्टन पूर्वी नॉर्थॅम्प्टनशरमध्ये, त्यातल्या सोक ऑफ पीटरबरो या विभागात मोडत असे. १९६५ मध्ये ते हंटिंग्डन अँड पीटरबरो या नव्या काउंटीत गेले आणि १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांची जुनी रजिस्टरे मात्र बिशपच्या अधिकारक्षेत्राप्रमाणे नॉर्थॅम्प्टनला ठेवली जातात. केंब्रिजला जाऊन हात हलवीत परत येणारे आजही भेटतात. गावाच्या नावाचे स्पेलिंगही स्थिर नसते. क्लेअरच्या काळात हेल्पस्टनच्या शेवटी एक जास्तीचे अक्षर लिहीत.

२. सुरुवात घरातून करा

हयात असलेल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोला आणि तेही आजच. फोटोंच्या मागची अक्षरे, बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, अंत्यविधीची छापील पत्रके, पगाराची पाकिटे यांतले काहीही फेकू देऊ नका. ऐकलेली प्रत्येक गोष्ट लिहून घ्या, पण ती सिद्ध झालेली नाही अशी खूण तिच्यापुढे करून ठेवा.

सोबत लागणाऱ्या वस्तू फारशा नाहीत:

- शिसपेन्सिली आणि एक बांधीव वही. सुटे कागद हरवतात.
- फोटोसह ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. यांवर आर्काइव्ह्ज कार्ड मिळते आणि ते अनेक काउंटी रेकॉर्ड ऑफिसांत चालते.
- फोनचा कॅमेरा. फोटो काढण्याची परवानगी आणि शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.
- गावाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा जुना नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने नकाशे विनामूल्य पाहता येतात.
- सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व. अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळांची वर्गणी भरण्याआधी वाचनालयात ती फुकट वापरता येतात का, हे विचारावे.

३. आजपासून मागे १८३७ पर्यंत या

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. जन्माच्या दाखल्यात आईचे माहेरचे आडनाव मिळते आणि विवाहाच्या दाखल्यात वधू-वर दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय मिळतात. दाखला मागवण्यापूर्वी जनरल रजिस्टर ऑफिसची विनामूल्य सूची पाहावी, कारण तिच्यात १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे. खेड्यातला जन्म सूचीत खेड्याच्या नावाने सापडत नाही. तो नोंदणी जिल्ह्याच्या, म्हणजे बहुधा जवळच्या बाजारगावाच्या नावाखाली असतो. १८७५ पर्यंत जन्म न नोंदवणाऱ्या आईबापांना दंड नव्हता, म्हणून त्याआधीचा एखादा जन्म सापडला नाही तर हताश होऊ नका.

मृत्यूच्या बाबतीत दोन ठिकाणे लक्षात ठेवावी लागतात. क्लेअर २० मे १८६४ रोजी नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात वारला आणि त्याला हेल्पस्टनला आणून पुरले. सरकारी नोंद एका गावी आणि दफनाची दुसऱ्या गावी, असा प्रकार वर्कहाउसमध्ये, म्हणजे कंगालांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी घरात, किंवा इस्पितळात गेलेल्या माणसांच्या बाबतीत नेहमीचाच आहे.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण देशभर प्रत्येक माणसाचे नाव प्रथम १८४१ मध्ये लिहिले गेले. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणपणे खालच्या पाचाच्या पटीत उतरवून लिहिली आहेत, त्यामुळे चौतीस वर्षांचा माणूस तीस वर्षांचा दिसतो. खरा खजिना १८५१ पासून उघडतो: कुटुंबप्रमुखाशी नाते, नेमके वय आणि कोणत्या पॅरिशमध्ये जन्म झाला, हे सगळे तिथे आहे. १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. पुढची १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणून मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धामुळे केलेल्या रहिवाशांच्या रजिस्टरवर भागवावे लागते.

नात्यांच्या बाबतीत मराठी माणसाने जास्त सावध राहावे. आपल्याला चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगळे शब्द लागतात. तिथे सगळ्यांना मिळून एकच 'कझिन', आणि जुन्या मृत्युपत्रांत तर पुतण्या-भाच्यांनाही तोच शब्द लावलेला आढळतो. 'मदर-इन-लॉ' असे लिहिलेले असेल तर ती सासू असेल किंवा सावत्र आईही असेल.

४. रजिस्टरांच्या जुन्या पानांत शिरा

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी, दर रविवारी त्या आठवड्याच्या नोंदी कराव्यात आणि ती दोन कुलपांच्या पेटीत सांभाळावी, असा हुकूम काढला. एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे. सुरुवातीच्या नोंदी कागदावर होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितले, तेव्हा पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५८ पासून, उतरवले तरी चालेल अशी मुभा होती. आळशी कारकुनांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला, म्हणून पुष्कळ गावांची रजिस्टरे थेट १५५८ पासूनच सुरू होतात. त्याच हुकुमाने दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवण्याची पद्धत पक्की झाली. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर ही बिशपची नक्कल मागावी, आणि मूळ वही धड असली तरीसुद्धा मागावी, कारण दोन्हींत कधीकधी वेगळेच नाव निघते.

ऑनलाइन सूच्या, म्हणजे फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च, शोधायला सोयीच्या आहेत. पण सूची ही कुणीतरी वाचून केलेली असते. ज्या नोंदीवर पुढची इमारत उभी राहणार आहे, तिची प्रतिमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोठे सापळे असे आहेत.

*वर्ष.* १७५१ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. वहीत मे १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये मुलाचा बाप्तिस्मा दिसला, तर उगाच भुवया उंचावू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा आहे. पुढे १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

*खंड.* १६४० आणि १६५० च्या दशकांत, यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या राजाविना राजवटीत, असंख्य वह्या कोऱ्या किंवा विस्कळित आहेत. १६५३ नंतर काही वर्षे तर बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारखा लिहिल्या जात.

*कर.* १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्स कर होता आणि कंगाल लोकांना तो माफ होता. त्यामुळे कर लागू होण्याच्या आधी बाप्तिस्म्यांची गर्दी दिसते, आणि नंतरच्या नोंदींपुढे कंगालपणाचे एक अक्षर.

*लग्नाचे गाव.* लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये होई. क्लेअर हेल्पस्टनचा, पण १६ मार्च १८२० रोजी त्याचे लग्न लागले रटलंड काउंटीतल्या ग्रेट कॅस्टर्टनमध्ये, कारण वधू मार्था टर्नर तिकडची. १७५४ पासून लग्नांची वही वेगळी झाली आणि तिच्यात वधू-वरांच्या व साक्षीदारांच्या सह्या किंवा फुल्या असतात. साक्षीदारांची नावे जरूर उतरवून घ्यावीत; पुष्कळदा ती भावंडांची असतात.

*आडनाव.* क्लेअरचे वडील पार्कर क्लेअर हे अनौरस होते. त्यांची आई अ‍ॅलिस क्लेअर ही पॅरिशच्या कारकुनाची मुलगी आणि बाप गावात काही दिवस राहून निघून गेलेला पार्कर नावाचा स्कॉटिश शाळामास्तर. पोराला बापाचे आडनाव नाव म्हणून मिळाले आणि आईचे आडनाव आडनाव म्हणून. कुणी डोळे झाकून क्लेअर आडनावाच्या आजोबांचा शोध घेत बसला, तर जन्मभर बसेल. मुलाला एखादे आडनावासारखे विचित्र नाव दिलेले दिसले, की बापाचा सुगावा तिथे लागण्याचा संभव असतो.

*मेलेले मूल.* इथे माझीच फजिती सांगते. शेजारच्या पॅरिशमध्ये मला हवा तो विल्यम मिळाला: नाव बरोबर, वर्ष बरोबर, बापाचा धंदाही जुळणारा. त्याच्यावरून मी १६९० पर्यंत वंशवृक्ष नेला, सुबक अक्षरात लिहून घेतला आणि सासऱ्यांच्या सत्तरीला चौकटीत घालून भेट दिला. मग एका पावसाळी दुपारी त्याच वहीत दफनांची पाने चाळताना तो विल्यम दिसला. वय तीन आठवडे. तेव्हापासून माझा नियम असा आहे की बाप्तिस्मा सापडला, की पुढच्या दहा वर्षांची दफने त्या आणि लगतच्या पॅरिशमध्ये तपासल्याशिवाय ते मूल मोठे झाले असे मानायचे नाही. मूल गेल्यावर पुढच्या भावंडाला तेच नाव देण्याची रीत होती, हेही ध्यानात ठेवा. ती चौकट सासऱ्यांच्या जिन्यात अजून टांगलेली आहे. ते काढू देत नाहीत.

१८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफन यांच्यासाठी छापील नमुने आले आणि वय, राहण्याचे ठिकाण, बापाचा व्यवसाय असे रकाने पक्के झाले. त्यामागे जाल तसे अक्षर अवघड होत जाते. सतराव्या शतकाआधीचे सेक्रेटरी वळण आजच्या इंग्रजी वाचकालाही तितकेच परके वाटते, जितकी आपल्याला मोडी. लॅटिनची भीती बाळगू नका; दहा-बारा शब्दांत काम भागते: गुइलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स, फिलिउस म्हणजे मुलगा, उक्सोर म्हणजे बायको, विदुआ म्हणजे विधवा.

५. पॅरिशच्या पेटीतले बाकीचे कागद मागा

नवखे लोक रजिस्टरांपाशी थांबतात आणि तिथेच त्यांचे नुकसान होते. गरीब माणसाचे आयुष्य रजिस्टरात तीन ओळींचे असते. गरिबांवरचा खर्च पाहणाऱ्या ओव्हरसियरांच्या हिशेबात ते पानेच्या पाने भरलेले असते. १६०१ च्या कायद्याने गरिबांची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि १८३४ मध्ये पॅरिशांचे संघ करून वर्कहाउसची व्यवस्था येईपर्यंत ती तिथेच राहिली. अमक्या विधवेच्या मुलाला बुटांचा जोड, तमक्याच्या शवपेटीचे इतके शिलिंग, खांदा देणाऱ्यांना बिअर, असे खर्च आठवड्यांमागून आठवडे लिहिलेले असतात.

त्यांतही 'सेटलमेंट'चे कागद सोन्यासारखे आहेत. १६६२ च्या कायद्यानंतर प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या पॅरिशचा हक्काचा रहिवासी असे आणि तो परक्या पॅरिशवर भार होईल असे वाटले, तर त्याला त्याच्या गावी परत पाठवता येई. हक्क मिळवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे अविवाहित असताना पूर्ण एक वर्ष एका मालकाकडे चाकरी. असा हक्क मिळू नये म्हणून काही शेतकरी गडी ठेवीत ते एक्कावन्न आठवड्यांसाठी. वाद झाला की दोन मॅजिस्ट्रेट त्या माणसाची जबानी घेत.

आमच्या घराण्याची अशी एक जबानी अठराव्या शतकाच्या अखेरीची आहे. चार घड्या पडलेला कागद, घड्यांवर झिजून भोके पडलेली. जन्म लिंकनशरमधल्या एका गावी, बाप शेतमजूर, चौदाव्या वर्षी घर सोडले, जत्रेत चाकरी ठरली, या पॅरिशमधल्या एका शेतावर वर्षभर राबला, मजुरी पूर्ण मिळाली. खाली सहीच्या जागी एक फुली आहे आणि तिचा दुसरा पाय घसरून शाईचा ठिपका झालेला आहे. "मुळापासून याच गावची" असलेली माणसे बाहेरून आली होती, आणि एका वर्षाच्या चाकरीच्या हक्कावर राहिली होती. सासूबाईंना मी कागदाचा फोटो दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ त्या फुलीकडे पाहत राहिल्या आणि मग चहा टाकायला उठल्या.

या वर्गातले आणखी कागद म्हणजे अनौरस मुलाच्या पोषणासाठी बापाकडून घेतलेले बाँड, अनाथांना कामाला लावण्याचे करार आणि व्हेस्ट्रीची कार्यवृत्ते. सगळ्याच पॅरिशांचे हे कागद टिकलेले नाहीत, म्हणून प्रवास करण्यापूर्वी नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी सूचीत किंवा त्या काउंटीच्या सूचीत ते आहेत का, हे पाहावे.

६. जमिनीचा नकाशा समोर ठेवा

सातबारा वाचलेल्या माणसाला टाइथचा नकाशा शिकवावा लागत नाही. १८३६ च्या कायद्याने चर्चला द्यायचा धान्याचा दशांश रोख रकमेत बदलला. त्यासाठी नकाशा आणि त्यासोबत एक तक्ता झाला: तुकड्याचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचे नाव, पीक की कुरण, आणि क्षेत्र. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत असते. ४० पर्चांचा १ रूड आणि ४ रूडांचा १ एकर, म्हणजे १ रूड बरोबर १० गुंठे आणि ४ पर्च म्हणजे १ गुंठा. हा तक्ता १८४१ च्या जनगणनेशेजारी ठेवला की कोण कोणत्या घरात राहत होता, हे हळूहळू उलगडते.

सापळा असा की मिडलंड्स या मध्य इंग्लंडच्या पट्ट्यातल्या, आणि विशेषतः नॉर्थॅम्प्टनशरमधल्या, कित्येक गावांचा पूर्ण टाइथ नकाशा नाहीच, कारण तिथे दशांशाचा निकाल एन्क्लोजरच्या, म्हणजे सामाईक शेते वाटून कुंपणांत घालण्याच्या, वेळीच लागला होता. अशा ठिकाणी एन्क्लोजर अवॉर्ड, म्हणजे त्या वाटणीचा निवाडा, मागावा. हेल्पस्टन आणि लगतच्या पॅरिशांसाठी कायदा १८०९ मध्ये झाला आणि अवॉर्ड १८२० मध्ये. तेवढ्या अकरा वर्षांत पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली मोठी सामाईक शेते आणि गायराने कुंपणांत गेली. आज तिकडचा एखादा रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसला, तर तो बहुधा त्या सर्व्हेअरच्या टेबलावर जन्मला, असे समजावे.

त्याआधीच्या काळासाठी मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायसभेचे रोल (गुंडाळीतले दप्तर) असतात. ते १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, पण कूळ मेल्यावर वारस कोण उभा राहिला हे त्यांत दर वेळी लिहिलेले असते, त्यामुळे मेहनत वाया जात नाही. मृत्युपत्रे १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत शाबीत होत, आणि तुमचा पूर्वज मजूर असला तरी शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून तो सापडू शकतो.

७. चर्चयार्डात जा, पण अपेक्षा माफक ठेवा

शेतमजुरांच्या कबरींवर दगड क्वचितच असत. असलेल्या दगडांवर शेवाळ असेल तर तारेचा ब्रश, खडू किंवा दाढीचा फेस लावू नये, दगडाचे कायमचे नुकसान होते. सकाळचे तिरपे ऊन किंवा बाजूने धरलेला टॉर्च पुरतो. चर्च बंद असेल तर दारावर चर्चवॉर्डनांचा फोन क्रमांक असतो. आधी विचारून गेलात, तर पुष्कळदा चहासकट माहिती मिळते.

८. भिंतीवर मुंबई-पुण्याचे नाव दिसले तर

खेड्यातल्या चर्चच्या भिंतीवर कंपनी सरकारच्या किंवा नंतरच्या फौजेतल्या एखाद्याची संगमरवरी पाटी दिसणे नवलाचे नाही. तो माणूस पॅरिशच्या दफनवहीत मिळणार नाही. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबई इलाख्याची मालिका १७०९ ते १९४८ या काळाची असून फाइंडमायपास्टवर तिच्या प्रतिमा पाहता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधसूची विनामूल्य आहे.

इथे आपली बाजू इंग्रज संशोधकांपेक्षा भक्कम असते. 'किरकी' म्हणजे खडकी, 'टॅना' म्हणजे ठाणे, 'अहमदनगर'च्या शेवटी लावलेले 'नुग्गुर' म्हणजे नगर, हे आपल्याला एका नजरेत कळते. आमच्या गावच्या इतिहास मंडळातल्या एका गृहस्थांनी एका पाटीवरचे गाव दोन वर्षे बंगालच्या नकाशात शोधले होते. ते सातारा होते.